दंडावरची सैल कातडी काढायची तर

बडोद्याच्या मराठी घरांत दंडांचा विषय निघतो तो बहुतेक वेळा श्रावण-भाद्रपदात. गौरी-गणपतीची धावपळ आटोपली की चणिया-चोळीची आठवण होते. मंगळबाजारात कुणी एखादी चोळी अंगाला लावून पाहते आणि आखूड बाहीखालचा लोंबणारा दंड आरशात दिसतो. मग बरोबरची सांगते, "अगं, याचं आता ऑपरेशन निघालंय, अलकापुरीत करतात." पुढचा प्रश्न ठरलेला असतो: नवरात्रापर्यंत होईल का?

उत्तर आधीच देऊन टाकते. या नवरात्रापर्यंत नाही. भाद्रपदात ऑपरेशन केलेले हात आश्विनात गरब्याच्या टाळ्या द्यायला तयार नसतात. पण वेळेचा प्रश्न नंतरचा. त्याआधी ठरवायचं ते हे, की काखेपासून कोपरापर्यंत जाणारा एक व्रण तुम्हाला जन्मभर चालणार आहे का. सैल कातडी जाते आणि तिच्या जागी व्रण येतो, अशी ही सरळ देवघेव आहे. ती मान्य असेल तर पुढचं वाचण्यात अर्थ आहे, आणि मान्य नसेल तर लांब बाहीचा ब्लाउज हा काही वाईट उपाय नाही.

ऑपरेशन "आता निघालंय" असंही नाही. दंडाची जादा कातडी कापून त्याला आकार देण्याची पद्धत अर्जेंटिनातल्या दोन सर्जननी १९५४ मध्येच मांडली होती. वैद्यकीय नाव ब्रॅकिओप्लास्टी, बोलण्यात आर्म लिफ्ट. मागणी मात्र अलीकडची, आणि ती वाढली लठ्ठपणावरच्या पोटाच्या, म्हणजे बॅरिअॅट्रिक, ऑपरेशनांमुळे. आता त्यात वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांची भर पडली आहे. २०२५ मध्ये मुंजारो आणि वेगोवी भारतात आली. त्यांनी वजन भराभर उतरतं, कातडी मात्र तेवढीच उरते.

ती तेवढीच का उरते? त्वचेच्या आतल्या थरात कोलॅजेन आणि इलॅस्टिन नावाचे तंतू असतात. कोलॅजेन मजबुती देतं, इलॅस्टिन ताणलेली कातडी परत जागेवर आणतं. अडचण अशी की शरीर जवळजवळ सगळं इलॅस्टिन लहानपणीच बनवून ठेवतं. मोठेपणी तुटलेल्या तंतूंच्या जागी तितकेच चांगले नवे तंतू येत नाहीत. त्यामुळे वीस वर्षं चरबीने ताणून धरलेली कातडी चरबी गेल्यावर आपोआप आखडत नाही. पाळी गेल्यानंतर इस्ट्रोजेन घटतं, त्याबरोबर कोलॅजेनही कमी होत जातं, म्हणून ज्यांचं वजन कधी वाढलंच नाही अशा बायकांचे दंडही साठीत सैल पडतात. घराण्याचा वाटाही असतो. आईचे आणि मावशीचे दंड पाहिले तर आपल्या पुढच्या दहा वर्षांचा थोडाफार अंदाज येतो.

इथे कुणीतरी व्यायामाचं नाव काढणार. जुम्मादादा व्यायाममंदिराच्या गावात "दोन महिने जोर काढ, सगळं आवळेल" हा सल्ला न मागता मिळतो. जोर काढल्याने दंडामागचा ट्रायसेप्स स्नायू भरतो हे खरं आहे. सैलपणा थोडा असेल तर भरलेला स्नायू कातडी आतून धरतो आणि फरक दिसतोही. म्हणून दंडांसाठी चार-सहा महिने नेमाने व्यायाम करून पाहावा असंच मी कुणालाही सांगेन. त्यात जायचं काहीच नाही. पण जी कातडी चिमटीत धरून बाजूला ओढता येते, ती स्नायूने भरून निघत नाही. तेलाने नाही, क्रीमने नाही. रेडिओफ्रिक्वेन्सीची किंवा अल्ट्रासाउंडची यंत्रं त्वचेखाली उष्णता देऊन कोलॅजेन थोडं आवळतात, आणि सैलपणा अगदी सुरुवातीचा असेल तर त्यांचा उपयोग होतो. भरपूर लोंबणाऱ्या दंडासाठी त्याच यंत्राच्या सिटिंगांचं पॅकेज विकणं ही मात्र सरळ लबाडी आहे.

चरबी की कातडी

आरशासमोर हात खांद्याच्या उंचीला बाजूला धरा, कोपर काटकोनात, पंजा वर. खाली जे लोंबतं ते दुसऱ्या हाताच्या चिमटीत घ्या. चिमूट जाड, भरीव लागली तर चरबी जास्त. दोन बोटं जवळजवळ एकमेकांना टेकली तर ती रिकामी कातडी. सर्जनसुद्धा पहिल्या भेटीत हीच चिमूट घेतात, आणि ऑपरेशन कोणतं हे बरंचसं तिच्यावर ठरतं.

चरबी जास्त आणि कातडीत अजून ताण शिल्लक असेल तर नुसतं लायपोसक्शन पुरतं. बारीक छिद्रातून नळी घालून चरबी ओढून घेतात. व्रण शोधावा लागतो. पण रिकाम्या कातडीच्या दंडावर तेच केलं तर आतली उरलीसुरली भरही निघून जाते आणि दंड आधीपेक्षा जास्त लोंबतो. "टाके नाहीत, व्रण नाही" अशा जाहिराती बहुधा लायपोसक्शनच्या असतात, आणि त्या कुणासाठी आहेत हे जाहिरातीत लिहिलेलं नसतं.

सैलपणा काखेजवळच असेल तर काखेच्या घडीत लपणारा छोटा छेद घेऊन काम होतं. त्याने कोपराकडचा भाग सुधारत नाही, त्यामुळे अपेक्षाही तेवढीच ठेवावी. काखेपासून कोपरापर्यंत सगळंच सैल असेल तर पूर्ण लांबीचा छेद लागतो. आणि पन्नास-साठ किलो उतरलेल्या माणसाची कातडी काखेतून छातीच्या कडेपर्यंत उतरलेली असते, तिथे छेदही तिच्यामागे जातो. माणसाची म्हटलं, कारण बॅरिअॅट्रिक ऑपरेशननंतर पुरुषही यासाठी येतात. ते चोळीबद्दल विचारत नाहीत, गंजीत बसायची लाज वाटते म्हणतात.

शिवण कुठे

शिंपी बाही आवळतो तेव्हा जादा कापड शिवणीत घेतो. सर्जन दंडाच्या लांबीत साधारण तसंच करतो. पण कापडाला उलटी बाजू असते, शिवण तिकडे जाते. कातडीला ती सोय नाही. म्हणून व्रण कुठे ठेवायचा यावर सर्जनांमध्येच एकमत नाही. काही जण तो दंडाच्या आतल्या बाजूला, बायसेप्सच्या खालच्या खाचेत ठेवतात. हात खाली असताना तो शरीराला टेकून झाकला जातो. काही जण तो थोडा मागे नेतात, म्हणजे आरशात तुम्हाला स्वतःला तो दिसत नाही. गरब्यात हात वर गेला की आतला व्रण समोरच्याला दिसतो आणि मागचा व्रण मागून येणाऱ्याला. कोणाला दिसलेला चालेल, हे बाईने स्वतः सांगायला हवं. सर्जन विचारेलच असं धरून चालू नये.

फोटो दाखवतात तेही नीट बघा. आधीचा फोटो हात पसरून, कातडी लोंबती ठेवून काढलेला असतो आणि नंतरचा हात खाली सोडून. त्यात व्रण दिसणारच नाही. हात वर केलेला, ऑपरेशनला वर्ष झाल्यानंतरचा फोटो मागा, आणि शक्यतो आपल्यासारख्याच रंगाच्या कातडीचा. आपल्याकडच्या सावळ्या त्वचेत व्रण काळा पडण्याची आणि जाड होण्याची शक्यता गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त असते. स्वतःची चाचणी तर अंगावरच असते: लहानपणी डाव्या दंडावर टोचलेल्या बीसीजीची खूण पाहा, कान टोचले तिथली पाळी चाचपून पाहा. तिथे गाठीसारखं वर आलं असेल, म्हणजे केलॉइड असेल, तर ते पहिल्या भेटीतच सांगायचं. अशा कातडीवर वीतभर लांबीचा हौसेचा छेद घेण्याआधी मी तरी दहा वेळा विचार करेन.

व्रण लगेच निवळत नाही. पहिले दोन-तीन आठवडे तो बारीक रेघेसारखा असतो आणि सगळे खूश असतात. मग तो लाल, कडक, जाड होऊ लागतो, तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात सगळ्यात वाईट दिसतो. फिका आणि मऊ पडायला वर्ष ते दीड वर्ष लागतं. जखम पूर्ण भरल्यावर सिलिकॉनची पट्टी किंवा जेल, हलका मसाज आणि उन्हापासून जपणं याने फायदा होतो. पूर्ण मिटत मात्र तो कधीच नाही.

आता टेबलावर काय होतं ते. खुणा करतात त्या भूल देण्याआधी, जागेपणी, बसवून किंवा उभं करून आणि हात वर धरायला लावून, कारण आडवं झाल्यावर कातडी वेगळी पडते. भूल बहुतेक वेळा पूर्ण असते. रक्त कमी जावं म्हणून अॅड्रिनॅलिन मिसळलेलं सलाइन दंडात भरतात, गरजेप्रमाणे थोडी चरबी ओढतात, मग कातडी काढतात. किती काढायची यात सगळं कौशल्य आहे. कमी काढली तर सैलपणा राहतो, जास्त काढली तर कडा जुळत नाहीत, आणि ऑपरेशन चालू असतानाच दंड सुजत जातो. म्हणून अनुभवी सर्जन एकदम सगळी कातडी कापत नाही. तुकड्या-तुकड्याने कापतो आणि लगेच मिटवत पुढे जातो. काखेत व्रण सरळ नेला तर तो आखडून हात वर जायला अडतो, त्यामुळे तिथे छेदाला वळण किंवा नागमोड देतात. दोन्ही हातांचं मिळून साधारण दोन-तीन तास.

आत एक नस सांभाळायची असते. ती दंडाच्या आतल्या बाजूने एका मोठ्या शिरेच्या सोबतीने उतरते आणि हाताच्या आतल्या कडेला, कोपरापासून मनगटापर्यंत, स्पर्श देते. कोपराच्या वर ती खोल थरातून बाहेर येऊन कातडीजवळ येते, म्हणून तिथे सर्जन चरबीचा एक थर मुद्दाम शिल्लक ठेवतात. ही नस दुखावली तर हाताची ताकद जात नाही, पण आतल्या कडेला बधिरपणा किंवा मुंग्या राहतात. बहुतेक वेळा काही महिन्यांत ते कमी होतं, क्वचित कायम राहतं. संमतीपत्रावर हे असतंच, बारीक अक्षरात.

बडोद्याच्या कॅलेंडरात ते कुठे बसवायचं

घरी दुसऱ्या दिवशी, कधी त्याच दिवशी सोडतात. पहिले काही दिवस हात उशांवर उंच ठेवायचे, बोटं हलवत राहायची, घरात चालायचं. बोटं सुजतात, ते अपेक्षित आहे. बांगड्या आणि अंगठ्या आधीच काढून ठेवा. आवळून धरणारी कॉम्प्रेशनची बाही चार ते सहा आठवडे, बहुतेक वेळ दिवसरात्र घालायची. बसून करायचं काम आठवडा-दोन आठवड्यांत जमतं. अडतं ते दुसरीकडे. वेणी घालणं, दोरीवर कपडे वाळत घालणं, वरच्या फळीवरून डबा काढणं, भरलेला कुकर उचलणं, खंडेराव मार्केटमधून भाजीच्या पिशव्या आणणं. यातलं प्रत्येक काम काखेजवळच्या टाक्यांवर ताण देतं. वजन उचलणं आणि हात डोक्यावर ताणणं चार ते सहा आठवडे नाही, आणि अॅक्टिव्हा स्कूटर चालवायची ती डॉक्टर म्हणतील तेव्हा. घरात दुसरं करणारं कुणी नसेल तर ही व्यवस्था ऑपरेशनची तारीख घेण्याआधी लावायची. सासूबाईंना गुडघ्याचा त्रास आहे हे नंतर आठवून उपयोग नाही.

आता महिने मोजा. एप्रिल-मेमध्ये बडोद्याचा पारा चाळीशीच्या वर, त्यात आवळलेली बाही आणि काखेतला घाम. टाके उसवण्याची सगळ्यात नाजूक जागा नेमकी तीच आहे. पावसाळ्यात ओल सुकत नाही आणि पुढे नवरात्र उभं असतं. दिवाळीनंतरचा काळ मला सगळ्यात सोयीचा वाटतो. भाऊबीज आटोपून मध्य नोव्हेंबरात ऑपरेशन केलं तर १४ जानेवारीच्या उत्तरायणापर्यंत, म्हणजे पतंगांच्या संक्रांतीपर्यंत, दोन महिने होतात. तेव्हाही गच्चीवर फिरकी धरावी, ढील आणि खेच दुसऱ्यांकडे द्यावी. पुढच्या नवरात्रापर्यंत दहा-अकरा महिने मिळतात आणि व्रण निवळायला लागलेला असतो.

किरकोळ कटकटी या ऑपरेशनात दुर्मीळ नाहीत, हे आधी माहीत असलेलं बरं. टाक्यांच्या आत पाणी साठतं, ते सुईने काढतात, कधी दोन-तीनदा. काखेजवळ जखम थोडी उघडते आणि ड्रेसिंग करत भरावी लागते. दोन्ही दंड अगदी सारखे होत नाहीत. ते आधीही नव्हते, फक्त आधी आपण मोजत नव्हतो. गंभीर गोष्टी वेगळ्या. पहिल्या दिवसात एकच हात अचानक टणक सुजून जोरात दुखू लागला तर आत रक्त साठत असू शकतं. ताप, लाली आणि पू म्हणजे जंतुसंसर्ग. पोटरी सुजून दुखणं, एकाएकी धाप लागणं किंवा छातीत दुखणं ही रक्ताच्या गुठळीची लक्षणं असू शकतात, त्यात सकाळची वाट पाहायची नसते, सरळ हॉस्पिटल गाठायचं.

कुणी करू नये? स्तनाच्या कर्करोगासाठी काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हाताचा लसिकेचा (ऊतींमधून वाहून जाणाऱ्या द्रवाचा, लिम्फचा) निचरा आधीच कमी झालेला असतो. त्यावर पुन्हा छेद घेतला तर हात कायमचा सुजू शकतो. अशांना बहुतेक सर्जन नाही म्हणतात, आणि बरोबर म्हणतात. एकच दंड नव्याने फुगला असेल तर तो सैलपणा समजू नये, आधी तपासून घ्यावं. तंबाखू-सिगारेट ऑपरेशनच्या आधी आणि नंतर किमान चार-चार आठवडे बंद, कारण निकोटीनने कातडीच्या कडांना रक्त कमी मिळतं. मिसरी आणि गुटखाही त्यातच आले, आणि मिसरीचं कुणी आपणहून सांगत नाही. साखर ताब्यात हवी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि आयुर्वेदिक काढेसुद्धा डॉक्टरांना सांगायचे, मनाने बंद करायचे नाहीत. वजन उतरवायचं इंजेक्शन चालू असेल तर भूलतज्ज्ञाला आवर्जून सांगायचं. या औषधांनी पोट रिकामं व्हायला वेळ लागतो आणि भुलीत ओकारी फुप्फुसात जाण्याचा धोका असतो.

वजन उतरत असताना हे ऑपरेशन करू नये. किमान सहा महिने वजन एका जागी थांबलेलं असावं. बॅरिअॅट्रिक ऑपरेशननंतर तर साधारण बारा ते अठरा महिने थांबायला सांगतात. थांबण्याचं आणखी एक कारण आहे, त्याकडे दुर्लक्ष होतं. वजन झपाट्याने उतरलेल्या शरीरात प्रथिनं, लोह आणि बी-१२ कमी असतं, आणि कमी प्रथिनांवर जखम भरत नाही. बॅरिअॅट्रिक रुग्णांना रोज ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं सांगतात. आपल्या शाकाहारी ताटातलं वाटीभर वरण त्यात फार पुढे जात नाही. पनीर, दही, सोयाबीन, मोड आलेल्या उसळी मुद्दाम वाढवाव्या लागतात, आणि तरी कमी पडलं तर पावडर. हिमोग्लोबिन न तपासता तारीख देणाऱ्या दवाखान्यातून परत फिरावं.

डॉक्टर निवडताना पाटीवरच्या "कॉस्मेटिक सर्जन" या शब्दांवर जाऊ नका. बघायची पदवी प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीआरएनबी. एमबीबीएस आणि एमएसनंतर आणखी तीन वर्षं शिकून ती मिळते. नोंदणी राज्याच्या मेडिकल कौन्सिलकडे असते, नंबर विचारायला संकोच नको. पूर्ण भूल द्यायची असेल तर भूलतज्ज्ञ कोण आणि रात्री काही झालं तर दाखल कुठे करणार, हेही विचारा. आणि टेबलावर "आता घेतलंच आहे तर छातीच्या कडेचीही चरबी काढून टाकू" असं होऊ नये म्हणून काय-काय करणार ते संमतीपत्रात स्पष्ट लिहून घ्या. एका प्रक्रियेची संमती दुसऱ्या प्रक्रियेला लागू होत नाही, जीवच धोक्यात असेल तर गोष्ट वेगळी, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितलेलं आहे.

पैशांचं असं आहे की आरोग्य विमा यात बहुतेक वेळा येत नाही. सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया विमा नियामकाच्या ठरलेल्या वगळण्यांच्या यादीत आहे; अपघात, भाजणं, कर्करोग यांनंतरची पुनर्रचना किंवा वैद्यकीय गरज असेल तरच अपवाद. काखेत कातडीला कातडी घासून वारंवार चट्टे उठत असतील, बुरशी होत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांचे कागद आणि फोटो वेळच्या वेळी जमवून ठेवा आणि ऑपरेशनच्या आधी कंपनीला लेखी विचारा. मान्य होईलच असं नाही, पण नंतर मागून तर काहीच मिळत नाही. दवाखान्यातल्या बहुतेक उपचारांना जीएसटी नसतो, सौंदर्याच्या शस्त्रक्रियेला तो लागतो. म्हणून फोनवर सांगितलेल्या आकड्यात तो धरला आहे का ते विचारायचं. त्याच आकड्यात भूल, ऑपरेशन थिएटर, कॉम्प्रेशनची बाही, महिनाभराची ड्रेसिंगं आहेत का, आणि वर्षानंतर व्रण किंवा काखेतली उरलेली घडी दुरुस्त करावी लागली तर तेव्हाचा खर्च कोणाचा, हे अॅडव्हान्स भरण्याआधी कागदावर घ्या.